बुधवारचा ट्रक

गिरधर नानानं रविवारी चावडीपुढं उभं राहून सांगितलं की येत्या बुधवारी रेशनची ज्वारी घेऊन ट्रक गावात येणार. ऐकायला आठ-दहा माणसं होती. कुणी मान वर केली नाही. एक जण विडी पेटवत होता, ती त्यानं सावकाश पेटवली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, कोणत्या सालचा बुधवार? त्यावर सगळे हसले आणि नानाही कसनुसा हसला. बिचारा दुसरं काय करणार होता.

सोनगीरपासून तीन मैलांवरच्या त्या गावात पक्ष म्हणजे नाना. वरच्यांनी जे जे कबूल केलं ते गावानं नानाच्याच तोंडून ऐकलेलं. बहात्तरच्या निवडणुकीत धुळ्याहून पुढारी जीपमधून आला होता. धान्याचे भाव बांधून देऊ, गावोगावचं दुकान भरलेलं ठेवू, एक माणूस उपाशी राहणार नाही, असं म्हणाला होता. त्याच वर्षी पावसानं दगा दिला. गावानं अख्खा हिवाळा आणि उन्हाळा आग्रा रोडच्या कडेला खडी फोडली. नेमीचंदच्या रेशन दुकानात मिळाला तर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना फुटायची आणि खाल्ल्यावर पोटात कळ धरायची. नेमीचंद स्वतः तो मिलो खात नव्हता, पण दुकानात दुसरं काही नसतं हेही तो लपवत नव्हता.

पुढच्या वर्षी पिकलं, तर लेव्ही आली. एकरामागं ठरलेली ज्वारी सरकारला घालायची. पुन्हा नाना उभा राहिला. ही ज्वारी गावच्याच गोदामात राहणार, उन्हाळ्यात त्याच भावानं तुम्हालाच परत मिळणार, असं त्यानं गावाला सांगितलं. लोकांनी ज्वारी घातली. आठव्या दिवशी दोन ट्रक आले आणि गोदाम झाडून घेऊन गेले. त्यानंतर विरोधी पक्षाचा माणूस येऊन गेला. आमचं राज्य येऊ द्या, लेव्ही बंद करू, महागाई सहा महिन्यांत निम्म्यावर आणू, असं तो म्हणाला. गावानं त्याचंही ऐकून घेतलं, कारण त्यानं लाउडस्पीकर आणला होता.

चावडीपुढं त्या रविवारी लीलाधर पण होता. तो हसला नाही. बहात्तरला याच लीलाधरनं बैलांची शिंगं पक्षाच्या रंगात रंगवली होती आणि जीपच्या पुढं पळाला होता. लेव्हीच्या वेळी सगळ्यांत पहिलं पोतं काट्यावर ठेवलं तेही त्यानंच. बाप नको नको म्हणत असताना ठेवलं. लीलाधर घालतोय म्हटल्यावर आणखी दहा घरांनी घातली. गोदाम रिकामं झालं तेव्हा ती दहा घरं नानाला काही बोलली नाहीत, नाना पडला पुढारी. ती लीलाधरशी बोलायची बंद झाली. विहिरीवर बायका त्याच्या बायकोला, कुंदाबाईला, मागं ढकलून आधी पाणी भरायच्या. ती गुपचूप मागं सरायची. चूक आपल्या माणसाची आहे असं तिलाही वाटत होतं आणि तेच तिला जास्त लागायचं.

घरी येऊन लीलाधरनं ट्रकचं सांगितलं. त्याचे वडील तोताराम आबा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून दोर वळत होते. हात न थांबवता ते म्हणाले, "ट्रक येई. खाली येई नि भरीसन जाई."

आबांना भीती होती ती गोठ्यातल्या पेवाची. गव्हाणीच्या खाली, आबांच्या बापानं खणलेलं ते पेव. तोंडाला माणूस जेमतेम मावेल एवढं, आत मडक्यासारखं फुगलेलं, दोन पुरुष खोल. होळीनंतर दादर निघाली, म्हणजे रब्बीची पांढरी ज्वारी, तेव्हा लेव्हीपुरती बाहेर ठेवून उरलेली सगळी आबा, लीलाधर आणि कुंदाबाई या तिघांनी त्या पेवात ओतली. पेव निम्मंसुद्धा भरलं नाही. वर कडबा, मग शिळा, मग माती, मग शेण. वर बैल बांधले. गावात ही गोष्ट तिघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

पेवाची एक रीत असते. एकदा उघडलं की सगळं उपसावं लागतं, वारा लागलेलं धान्य आत टिकत नाही. आणि उघडल्या उघडल्या कुणी आत उतरायचं नाही. एक दिवस एक रात्र तोंड मोकळं ठेवायचं, मग दिवा सोडायचा, दिवा तळाला जळत राहिला तरच पाय घालायचा. आबांनी लहानपणी शेजारच्या गावात दोन सख्खे भाऊ एका पेवात कोंडलेल्या हवेनं गुदमरून गेलेले पाहिले होते.

खरं तर पेव महिन्यापूर्वीच उघडायला हवं होतं. घरातली कणगी रिकामी झाली होती. कुंदाबाईनं तिचा तळ हातानं खरवडून शेवटचं पीठ दळलं त्यालाही आठ दिवस झाले. आता अंबाडीचा पाला उकडून, त्यात मूठभर कण्या घालून तिघं दिवस काढत होते. पण लपवलेलं धान्य हुडकणारे सरकारी झडतीवाले हिंडत होते आणि उघडलेल्या पेवाचा वास चार घरं ओलांडून जातो. म्हणून आबा थांब म्हणत होते.

कुंदाबाईला थांबवत नव्हतं. तिची आठ वर्षांची लता दुष्काळात पहूरला मामाकडं पाठवली होती, घरातलं एक तोंड कमी करायला म्हणून. चार महिन्यांसाठी पाठवलेली पोर दीड वर्ष तिकडंच होती. मामाच्या गावचा एक माणूस मध्यंतरी सोनगीरला भेटला. पोर ठीक आहे, भांडी घासते, गोठा काढते, फार बोलत नाही, असं त्यानं सांगितलं. तेव्हापासून कुंदाबाईचा घास उतरत नव्हता. दादर घरात आली की दुसऱ्या दिवशी लीलाधरनं एसटीनं पहूरला जायचं आणि लताला घेऊन यायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

सोमवारी लीलाधरनं वखर घातला. ज्येष्ठ सरत आला होता तरी आभाळात काही नव्हतं. जमीन इतकी टणक की वखराची पास, ते खालचं लोखंडी पातं, मातीवरून घसरत जायची. तो वखरावर उभा राहून जोर द्यायचा, पण त्याच्या अंगात जोर होता कुठं. दुपारी डावीकडचा बैल चालता चालता वखराच्या तासातच बसला. लीलाधरनं शेपटी पिरगाळली, मारलं, शेवटी स्वतःच त्याच्या शेजारी बसला. कुंदाबाई शेताच्या धुऱ्यावरचं काशीचं गवत खणत होती. तिनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. माणसानं बैलाशेजारी बसून डोळे पुसणं बायकोनं पाहू नये, असं तिला वाटलं.

मंगळवारी आबा बाजूच्या गावाहून बातमी घेऊन आले. झडतीवाले तिथं येऊन गेले होते. लोखंडी गज घेऊन गोठ्यागोठ्यात जमीन टोचत फिरले. एका घरी गज खाली गेला, पेव सापडलं, धान्य गेलंच, वर माणसाला जीपमध्ये घालून नेलं. मग मात्र आबांनी थांब म्हणणं सोडलं. पेव बुधवारी दिवस उगवायच्या वेळी उघडायचं, गुरुवारी उपसायचं, दादर गोधड्यांच्या खोळीत, कडब्याच्या गंजीत, माळ्यावर अशी थोडी थोडी लपवायची, असं ठरलं.

बुधवारी तर ट्रक येणार आहे, असं कुंदाबाई हळूच म्हणाली. आबा हसले. सरकारी गाडी सांगितल्या दिवशी आलेली या जन्मात पाहिली नाही म्हणाले. "नाना बुधवार म्हणस ना, म्हणजे पुढला बुधवार."

लीलाधरला ते पटलं. नुसतं त्यालाच कशाला, अख्ख्या गावाला तसंच वाटत होतं. खुद्द नेमीचंद, ज्याच्या दुकानात ती ज्वारी उतरायची होती, तोही बुधवारी सकाळी दुकानाला कुलूप घालून पहिल्या एसटीनं धुळ्याला आपल्या कामाला निघून गेला.

बुधवारी बैल बाहेर बांधून लीलाधरनं गव्हाण सरकवली. कुदळीनं शेणमाती काढली. शिळा दोघांनी पहारीनं उचकटली आणि आतून आंबूस, नाकात चढणारा वास वर आला. कुंदाबाईनं पदर तोंडाला लावला, पण तिचे डोळे हसत होते. धान्याचा वास होता तो. आबांनी तोंडावर कुणाचा पाय पडू नये म्हणून बाज आडवी टाकली आणि उद्यापर्यंत कुणी इकडं फिरकायचं नाही असं बजावलं. कुंदाबाई चुलीपाशी गेली. उद्याच्या भाकरीचा विचार करत तिनं आज काही न खाताच पाणी पिऊन घेतलं.

ऊन तापायला लागलं तेव्हा सोनगीरच्या रस्त्यावर धूळ दिसली. आबा अंगणात होते, त्यांनी डोळ्यांवर हात धरला. धूळ वाढत आली आणि मग इंजिनाचा आवाज आला. ट्रक होता. त्याच्यावर ताडपत्री घातलेली होती, आत काय आहे ते दिसत नव्हतं. चावडीपाशी तो थांबला. आबांनी श्वास सोडला. पण जरा वेळानं ट्रक पुन्हा सुरू झाला आणि दुकानावरून पुढं, यांच्या गल्लीकडं वळला.

आता शिळा परत टाकूनही उपयोग नव्हता. ओली माती, उचकटलेली गव्हाण आणि तो वास. आंधळ्यालाही पेव सापडलं असतं. लीलाधर गोठ्यात गेला आणि त्यानं बाज बाजूला केली. चार-पाच पोती तरी वर काढू, मागच्या भिंतीवरून कडब्यात टाकू, बाकी नेतील ते नेऊ देत, असं तो म्हणत होता आणि तोपर्यंत त्यानं दोराला टोपली बांधलीसुद्धा होती. आबांनी दिवा लावून सुतळीनं आत सोडला. दिवा निम्म्यावर गेला आणि विझला. त्यांनी पुन्हा लावून सोडला. पुन्हा विझला.

लीलाधरनं घोंगडी आत सोडून पाच-सात वेळा वर खाली हलवली, वारा खेळावा म्हणून. ट्रकचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला होता. आबांनी त्याचा दंड धरला. तेव्हा लीलाधर बापाकडं वळून बोलला. आवाज चढवला नाही त्यानं. "मी दोन बार त्यास्नावर इस्वास ठेवा, आबा. पोरगी लोकेसना घरमा भांडा घासस. आते एक दाना बी देवाव नही."

दंड सोडवून तो भिंतीच्या खाचांत पाय ठेवत उतरला. कमरेला दोर बांधायचा राहिला. पेवाच्या तळाला पुरेल असा दोर घरात एकच होता आणि तो टोपलीला होता.

पहिली टोपली कुंदाबाईनं ओढली ती काठोकाठ भरलेली होती. तिनं ती पोत्यात रिकामी केली आणि परत सोडली. दुसरी पण आली. तिसरी आली ती अर्धी होती. तिला वाटलं, घाई करतोय. तिनं टोपली सोडली आणि दोर हलायची वाट पाहिली. दोर हलला नाही. वाकून पाहिलं तर लीलाधर दादरीवर बसला होता. भिंतीला पाठ टेकून, मान खाली घालून, सोमवारी बैलाशेजारी बसला होता तसाच. तिनं हाक मारली. त्यानं हाताची बोटं दादरीत घातली, एवढंच दिसलं, मग बोटंही थांबली.

आबा पेवाच्या तोंडात पाय घालायला लागले. कुंदाबाईनं त्यांना कमरेला मिठी मारून मागं ओढलं. ज्या सासऱ्यापुढं तिनं बारा वर्षांत डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्याला धरून ती शेणात पडली आणि वर बसून राहिली. तो म्हातारा हातपाय झाडत होता, सोड म्हणत होता.

"तुमी गयात ते दोन्ही जाशात," ती म्हणाली आणि आबांचं अंग ढिलं पडलं.

मग ती उठली आणि पळाली. डोक्यावर पदर नव्हता, पायात काही नव्हतं. ट्रक गल्लीत अडकल्यासारखा उभा होता, ड्रायव्हर खाली उतरून कुणालातरी काहीतरी विचारत होता. कुंदाबाईनं त्याचे पाय धरले.

"पेवमा दादर शे. बठ्ठी लई जा. मना माणूस तठे पडेल शे, त्याले काढा."

ड्रायव्हर नाशिककडचा होता. त्याला तिची भाषा नीट कळली नाही. "बाई, आम्ही न्यायला नाही आलो. रेशनची ज्वारी उतरवायचीय. दुकानाला कुलूप आहे, म्हणून दुकानदाराचं घर विचारत आलो."

ती पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली, सगळी घ्या, एक दाणा ठेवू नका, फक्त त्याला काढा. ट्रकवरचे दोघे हमाल मात्र पेव शब्दाला उमजले. ते ताडपत्रीचा दोर सोडून घेऊन पळाले. एकानं पंचा भिजवून तोंडाला बांधला, कमरेला दोर बांधून घेतला, बाहेरून दम धरून आत गेला आणि लगेच ओढा म्हणून दोर हलवला. दुसऱ्या खेपेला त्यानं लीलाधरच्या काखेतून दोर घातला. गल्लीतली माणसं जमली होती, आठ-दहा हात दोराला लागले. त्यात लेव्हीनंतर न बोलणाऱ्या घरांतलेही होते.

लीलाधरला बाजेवर निजवलं. घामानं ओल्या अंगाला दादरीचे दाणे चिकटले होते, कानात, पापण्यांत, ओठांवर. हमालानं छाती दाबली, तोंडावर पाणी मारलं. आबा मुलाच्या अंगावरचे दाणे एकेक करून काढत होते. पुष्कळ वेळानं हमालानं हात थांबवले आणि बाहेर जाऊन ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. ते इतका वेळ चालूच होतं.

तलाठी आला. त्यानं पेवात डोकावून पाहिलं, आबांकडं पाहिलं आणि जुनं पेव साफ करताना अपघात असं लिहून घेतलं. आत काय होतं ते त्यानं विचारलंच नाही. चांगला माणूस होता. संध्याकाळच्या आत लीलाधरला नाल्याकाठी अग्नी दिला. त्याच वेळी नेमीचंद धुळ्याहून परतला. दुकानापुढं पोत्यांची थप्पी पाहून एसटीतून उतरता उतरता तो जागीच थांबला.

दुसऱ्या दिवशी ज्वारी वाटली. चांगली ज्वारी होती, पांढरी. रांग चावडीच्या पुढं गेली. स्मशानातून आलेलेच लोक पिशव्या घेऊन उभे होते, त्यांना तरी काय नावं ठेवायची, महिनाभर सगळे पाल्यावर होते. रांगेतून सुटल्यावर न बोलणाऱ्या दहा घरांपैकी पाच घरांतून एकेक असे पाच जण आले. त्यांनी दिवा सोडून पाहिला, तो जळत राहिला, आणि मुकाट्यानं सगळं पेव उपसून दिलं. उरलेल्या पाच घरांतलं कुणी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मामा लताला घेऊन आला. पोर उंच झाली होती. तिनं आईला ओळखलं, पण जवळ यायला वेळ लावला. मग पेवाचा वास जावा म्हणून दादर रोज अंगणात पसरायची, तासातासानं पायानं हलवायची, हे काम मायलेकी करू लागल्या. आता लपवायला काही उरलं नव्हतं. दादर रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसत होती. न्यायला मात्र कुणी आलं नाही.

अकराव्या दिवशी गिरधर नाना आला. इतके दिवस तो गावात असूनही आला नव्हता. ओट्याखाली जमिनीवरच बसला आणि बसल्या बसल्या रडायला लागला. रडणं खोटं नव्हतं. गावाला तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणून त्या रविवारच्या आधी तो आठ दिवस धुळ्याला जाऊन राहिला होता. कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर बसला, एसटी स्टँडवर निजला, ज्यानं जीपमधून येऊन भाषण केलं होतं त्या पुढाऱ्याच्या बंगल्यावर तीनदा गेला आणि तीनदा फाटकातून परत आला. शेवटी एका साहेबाच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा कुठं तो एक ट्रक सुटला. हे सगळं तो आबांना सांगत होता. आबा जमिनीकडं पाहत होते.

मग तो कुंदाबाईकडं वळला.

"बाई, या खेपले मी खोटं नही बोलनू. बुधवार सांगा, बुधवारलेच ट्रक लयना."

कुंदाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. त्याचे पाय टाचांना फुटले होते, धोतर मळलं होतं. तिला त्याचा राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"तेच ते वाईट व्हयनं, नाना," ती म्हणाली. "जर या खेपले बी तुमी खोटं बोलतात, ते मना माणूस आज जित्ता ऱ्हाता."

कुंदाबाई उठली आणि अंगणातली दादर पायानं हलवायला लागली. ऊन कलत आलं होतं आणि संध्याकाळी लताला भाकरी लागणार होती.